गाठ काढायची आणि स्तनांचा भारही कमी करायचा: बडोद्यातल्या बायकांसाठी क्रमवार माहिती

स्तनात गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला आणि स्तन मुळातच मोठे, जड, ओघळलेले असतील, तर एक प्रश्न पहिल्या ऑपरेशनच्या आधीच विचारायचा: "गाठ काढताना स्तन लहानही करता येतील का?" ऑपरेशन होऊन शेक (किरणांचा उपचार, म्हणजे रेडिएशन) घेऊन झाल्यावर हा प्रश्न सुचला तर उशीर झालेला असतो. शेक घेतलेल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो, तिथली जखम भरायला वेळ लागतो, आणि मग त्या स्तनावर पुन्हा सुरी चालवायला सर्जन सहजी तयार होत नाहीत. ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या बहिणी-जावा-मुलींसाठी हे लिहिते आहे.

डॉक्टर या प्रकाराला 'ऑन्कोप्लास्टी' म्हणतात. त्यात स्तन लहान करण्याचा भाग असला की 'थेरप्युटिक मॅमोप्लास्टी' किंवा नुसतं 'रिडक्शन'. ओपीडीत हेच शब्द वापरा. स्तन लहान करण्याच्या नेहमीच्या ऑपरेशनात कातडी आणि आतला भाग मिळून बराच ऐवज काढतात, उरलेल्याला आकार देतात आणि निपल वर नेऊन बसवतात. इथे काढायच्या त्या भागातच कॅन्सरची गाठ, भोवतालच्या निरोगी कडेसकट, येईल अशी आखणी करतात. दुसरा स्तनही त्याच मापाचा केला की दोन्ही बाजू जुळतात.

"सगळं काढूनच टाका, कटकट नको" हे वाक्य घरात कुणीतरी म्हणणारच. बोलणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण माहिती जुनी असते. मिलान आणि अमेरिका इथल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. गाठ काढून शेक घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या. स्तन वाचवला म्हणून आयुष्य कमी होत नाही. फक्त शेक टाळून चालत नाही, तो या सौद्याचा भाग आहे.

मोठ्या स्तनांना याचा फायदा का

सुरुवात रोजच्या त्रासापासून करू. मान-पाठ दुखणं, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर पडलेल्या खोबणी, आणि मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीपार गेला की स्तनाखाली येणारं गजकर्ण. पावडर लावून लावून बायका थकतात, पण डॉक्टरांना सांगत नाहीत. हे सांगा, आणि डॉक्टरांना केसपेपरवर लिहायलाही सांगा. पुढे विम्याच्या वेळी ते कामाला येतं.

दुसरा फायदा शेकाचा. मोठ्या, घड्या पडणाऱ्या स्तनात शेकाची मात्रा सगळीकडे सारखी पोचवणं अवघड जातं. घडीतली कातडी जास्त भाजते, सोलवटते. लहान स्तनात हे काम सोपं होतं.

तिसरा सर्जनच्या कामाचा. स्तनाचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त काढावा लागला, तर नुसते टाके घालून आकार राहत नाही, खड्डा पडतो आणि निपल एका बाजूला ओढला जातो. रिडक्शनच्या पद्धतीने जवळपास निम्मा स्तनही काढता येतो आणि कडेला निरोगी भाग भरपूर सोडता येतो. ज्या गाठीसाठी पूर्ण स्तन काढावा लागला असता, अशी गाठही कधी कधी यात बसते.

पहिलं काम: गाठ 'काढून तपासू' देऊ नका

गल्लीतल्या ओळखीच्या सर्जनकडे जायचं, तो लोकल भूल देऊन गाठ काढतो, मग रिपोर्ट कॅन्सरचा येतो. आमच्या नात्यातल्या एका वहिनींचं असंच झालं. ती चीर चुकीच्या जागी होती आणि पुढच्या सर्जनला सगळी आखणी तिच्याभोवती फिरवावी लागली. तपासणी सुईनेच व्हायला हवी. जाड सुईने दोन-चार बारीक तुकडे काढतात, त्याला कोअर बायोप्सी म्हणतात. त्याच तुकड्यांवर ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का ते) आणि हर-टू (कॅन्सरपेशींवरचं एक प्रथिन) या तपासण्या होतात, आणि औषधोपचाराची सगळी दिशा त्यावर ठरते.

मॅमोग्राफी दोन्ही स्तनांची हवी. इथे निरोगी स्तनालाही हात लागणार असल्याने त्यात काही लपलंय का ते आधी कळायला हवं. सोबत दोन्ही बाजूंची आणि काखेची सोनोग्राफी. गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतात. सीटी किंवा पेट स्कॅन सगळ्यांना लागत नाही, ते आजाराच्या टप्प्यावर अवलंबून असतं.

फाइल एकच ठेवा. त्यात फिल्म, सीडी, रिपोर्ट सगळं तारखेप्रमाणे. पॅथॉलॉजीवाल्यांकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागता येतात. दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर तिथे ते मागतातच, म्हणून लॅबची पावती फेकू नका.

कुठे जायचं

सरकारी दवाखाना म्हटलं की आपल्याकडे एसएसजी, म्हणजे काळा घोड्याजवळचा सर सयाजीराव जनरल. कॅन्सरसाठी वाघोडिया तालुक्यातल्या गोरजला मुनी सेवा आश्रमाचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे. शहरातल्या खासगी दवाखान्यांतही कॅन्सर सर्जन बसतात. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात जीसीआरआय, म्हणजे गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, आणि मुंबईला टाटा मेमोरियल. पाटीवरचं नाव पाहून मात्र ठरवू नका. हे ऑपरेशन एकतर दोन्ही शिकलेला स्तनाचा सर्जन करतो, नाहीतर कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन मिळून करतात. म्हणून सरळ विचारायचं: हे तुम्ही स्वतः करता का? प्लास्टिक सर्जन त्याच दिवशी येणार का? तुमच्याकडे माझी केस ट्यूमर बोर्डात, म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि शेकाचे डॉक्टर एकत्र बसतात तिथे, ठेवाल का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं तर निम्मी चिंता कमी.

बाहेरगावी जायचं ठरलं तर रेल्वेची सवलत घ्या. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी दवाखान्यातून ठरावीक फॉर्मवर डॉक्टरांची सही-शिक्का आणून आरक्षण खिडकीवर द्यायचा.

ओपीडीत पेशंटबरोबर जाणाऱ्या पुरुषांसाठी दोन शब्द: डॉक्टरांनी तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिलाच देऊ द्या. किती लहान हवेत, दुसऱ्या बाजूला हात लावायचा का, हे तिनेच सांगायचं.

पैशांचं आधी पाहा

आयुष्मान कार्ड असेल तर गुजरातेत २०२३पासून कुटुंबामागे वर्षाला १० लाखांपर्यंतचा खर्च चालतो. पण कार्डात कोणतं पॅकेज लागेल, दुसऱ्या स्तनाचं काम त्यात धरतील का, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दवाखान्यातल्या आयुष्मान मित्राकडून (योजनेचं काम पाहणाऱ्या मदतनिसाकडून) नक्की करून घ्या.

खासगी विम्यात खरी अडचण येते ती इथे. टीपीएवाले (विमा कंपनीसाठी दावे तपासणारे) 'ब्रेस्ट रिडक्शन' हा शब्द पाहिला की 'कॉस्मेटिक' म्हणून नामंजूर करायला बघतात. पॉलिसीतली वगळण्यांची यादी काढा. सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक सर्जरी वगळणारं कलम, एक्सक्ल-०८, त्यात असतं. आणि त्याच कलमात अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना अपवाद म्हणून दिलेली असते. सर्जनकडून पत्र घ्या, त्यात कॅन्सरचं निदान, ऑपरेशनचं पूर्ण नाव आणि दुसऱ्या बाजूचं काम का गरजेचं आहे ते स्पष्ट असू द्या. मंजुरी लेखी आल्याशिवाय भरती होऊ नका.

कुणाला जमतं, कुणाला नाही

स्तनभर पसरलेला आजार, सुजून लाल झालेला दाहक प्रकारचा कॅन्सर, त्याच स्तनाला आधी शेक दिलेला असणं, नुकतंच राहिलेलं गरोदरपण: अशा वेळी डॉक्टर बहुधा दुसरा मार्ग सांगतात. आई-मावशी-बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर बीआरसीए, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जनुकातल्या दोषाच्या तपासणीबद्दल आधी विचारा. तीत दोष निघाला तर काही बायका दोन्ही स्तन काढण्याचा विचार करतात, आणि मग लहान करण्याचा प्रश्नच उरत नाही.

गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती आकसवतात. केमोने गाठ कधी पूर्ण विरघळते, आणि मग कुठून काढायचं तेच कळत नाही. म्हणून केमो सुरू होण्याआधी गाठीत बारीकशी धातूची खूण, क्लिप, बसवतात. तुम्हाला बसवली का, हे पहिल्या केमोच्या आधी विचारा.

दुसरा स्तन त्याच दिवशी की नंतर?

या प्रश्नावर दवाखान्यादवाखान्यांत मतं वेगळी असतात आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे. त्याच दिवशी केलं तर एकच भूल, एकच भरती, आणि घरी येताना दोन्ही बाजू सारख्या. लहान-मोठे स्तन घेऊन वर्षभर वावरणं, एका बाजूला ब्रात कापूस भरणं, एकीकडे वजन जास्त म्हणून पाठ तिरकी होणं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याच दिवशीचं पटतं.

थांबणाऱ्यांचं म्हणणं असं की शेकानंतर तो स्तन थोडा आकसतो, घट्ट होतो आणि वर राहतो. दुसरा त्याच्या मापाने नंतर केला तर जास्त जुळतो. शिवाय दोन्हीकडे जखमा म्हणजे दोन्हीकडे धोका. निरोगी बाजूची जखम चिघळली तरी केमो किंवा शेक लांबतो. काही सर्जन मधला मार्ग घेतात, कॅन्सरचा स्तन किंचित मोठा ठेवतात, पुढे तो आकसेल हे धरून.

माझं मत विचाराल तर: साखर ताब्यात आहे, तंबाखू नाही, वजन फार नाही, गाठीच्या कडा मोकळ्या निघतील, म्हणजे कडेला कॅन्सर राहणार नाही, याची सर्जनला बऱ्यापैकी खात्री आहे, तर एकदमच उरकावं. यातलं एक जरी गडबडीचं असेल तर थांबलेलं बरं. निर्णय मात्र तुमच्या सर्जनशी बोलूनच.

बोलताना या गोष्टी विचारून घ्या. व्रण कुठे येतील? बहुतेकदा निपलभोवती गोल, तिथून सरळ खाली आणि स्तनाखालच्या घडीत आडवा, उलट्या 'टी'सारखा. निपलची संवेदना कमी होऊ शकते, कधी पूर्ण जाते. पुढे मूल हवं असेल तर अंगावर पाजण्याबद्दल आधीच बोला. कडेला कॅन्सर सापडला तर काय करणार? आतला भाग हलवून नवी रचना केल्यावर नेमकी ती जागा पुन्हा शोधणं कठीण असतं. कधी परत कापावं लागतं, कधी पूर्ण स्तन काढावा लागतो. याची मनाची तयारी भूल घेण्याआधी हवी.

संमतीपत्र बऱ्याचदा गुजरातीत किंवा इंग्रजीत असतं. आपल्या जुन्या पिढीतल्या काकू-आजी गुजराती फर्डं बोलतात पण वाचताना अडखळतात. नर्सला ते वाचून दाखवायला सांगा. दोन्ही बाजूंचा उल्लेख आहे का, आणि 'गरज पडल्यास पूर्ण स्तन काढण्यास परवानगी' अशी ओळ आहे का, ते पाहूनच सही करा.

आधीची तयारी

मिश्री, बजर, तंबाखू, तपकीर बंद. किमान चार आठवडे आधी, आणि नंतर जखम भरेपर्यंत. ही साधी ताकीद समजू नका. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि वर सरकवलेला निपल अशाच बारीक वाहिन्यांवर जगत असतो. मिश्री लावणाऱ्या बायका 'मी तंबाखू खात नाही' असं डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. तेव्हा विचारलं नाही तरी सांगा.

साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, एचबीएवनसी, करून घ्या. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वैद्यांची चूर्णं, दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला.

पुढून उघडणाऱ्या, तारा नसलेल्या, रुंद पट्ट्याच्या दोन-तीन ब्रा हव्यात. माप मात्र सर्जनला विचारून, तुमचं जुनं माप आता उपयोगाचं नाही. घरात घालायला पुढून बटणांचे सैल गाऊन. रोज लागणारी भांडी-डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणून ठेवा.

ऑपरेशनचा दिवस

सर्जन तुम्हाला उभं करून किंवा बसवून पेनाने रेघा आखतात. आडवं झाल्यावर स्तन पसरतात आणि माप चुकतं, म्हणून हे आधी. फोटोही काढतात, चेहरा येणार नाही असे, संमती विचारतील. गाठ हाताला लागत नसेल तर सोनोग्राफीखाली बारीक तार घालून जागा दाखवतात.

काखेचंही काम त्याच वेळी होतं. स्तनातला द्रव काखेतल्या ज्या गाठीत (लसिकाग्रंथीत) आधी पोचतो ती सेंटिनल नोड, तिला शोधायला निळा रंग टोचतात. नंतर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते. घाबरून रात्री दवाखान्यात फोन करू नका.

एकूण वेळ साधारण दोन ते चार तास. तुम्ही भुलीत असाल, म्हणून या दोन गोष्टी आदल्या दिवशीच पक्क्या करा. एक, निरोगी बाजूने काढलेला भागही पॅथॉलॉजीला जाणार आणि दोन्ही बाजूंच्या बरण्या वेगळ्या, डावी-उजवी लिहिलेल्या असणार. निरोगी वाटणाऱ्या बाजूतही कधी कधी काही सापडतं. दोन, गाठ होती तिथे बारीक टायटॅनियमच्या क्लिपा ठेवणार. आतला भाग इकडचा तिकडे गेलेला असल्याने शेकाच्या डॉक्टरांना मूळ जागा त्या क्लिपांवरूनच कळते.

घरी आल्यावर

बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी येतात, बऱ्याचदा काखेतून किंवा स्तनातून निघालेली नळी आणि तिला लावलेली बाटली घेऊन. वहीत तारीख, वेळ आणि किती मिली ते लिहीत जा. रंग पहिल्यांदा लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. ती गाऊनला आतून सेफ्टी पिनने अडकवा, लोंबती ठेवलीत की दाराच्या कडीत अडकते.

उताणं झोपायचं, पाठीला दोन उशा. ब्रा रात्रंदिवस, साधारण चार ते सहा आठवडे. हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतील तसे पहिल्या दिवसांपासून, नाहीतर खांदा जखडतो आणि मग शेकाच्या टेबलावर हात डोक्यावर नेता येत नाही. चालणं रोज. जड उचलणं, कणीक तिंबणं, लहान मूल कडेवर घेणं नाही.

उलट्या 'टी'च्या सांध्यावर, म्हणजे उभा आणि आडवा व्रण जिथे मिळतो तिथे, जखम थोडी उघडणं हे या ऑपरेशनात बरेचदा होतं. ड्रेसिंगने ती भरते. पण ताप, वाढती लाली, घाण वास, एका बाजूला अचानक सूज किंवा निपल काळं-निळं पडणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. हळदीचा लेप, तूप, कडुनिंबाचं पाणी यांतलं काहीही जखमेवर नको, भेटायला आलेल्या कितीही वडीलधाऱ्या बाईंनी सांगितलं तरी.

रिपोर्ट आणि शेक

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात 'मार्जिन' शोधा. काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या कडेला शाई लावतात. पसरणाऱ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये शाईवर कॅन्सरपेशी नसल्या की कड मोकळी धरतात, हा २०१४पासूनचा निकष आहे. दूधनळीतच राहिलेल्या, बाहेर न पसरलेल्या डीसीआयएस प्रकारात दोन मिलिमीटर अंतर पाहतात.

केमो लागणार असेल तर बहुधा ती आधी, मग शेक. नसेल तर जखम पूर्ण भरली की शेक. आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत १५ वेळा देतात, गाठीच्या जागेवर वर थोडे जादा. निवडक बायकांना एका आठवड्यात पाच वेळाही. गोरजला रोज शहरातून जाऊन-येऊन करता येतं, पण सकाळची वेळ मागा. उन्हाळ्यात दुपारच्या प्रवासाने कातडीला आधीच घामोळं येतं. सुती कपडे, सौम्य साबण, डॉक्टरांनी दिलेलं मलम, एवढंच.

ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी हार्मोनविरोधी गोळी पाच ते दहा वर्षं. गरब्याचं मात्र सगळ्याच विचारतात: जखम भरलेली, खांदा मोकळा आणि केमो संपलेली असेल तर नवरात्रात फेर धरायला हरकत नसते, बांधून ठेवणारी ब्रा घालून.

पुढची काही वर्षं

ब्लाऊज शिवायची घाई नको. सूज उतरायला आणि शेकाचा परिणाम स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर मंगळ बाजारातले तयार सुती चालतील. शिंप्याकडे जाल तेव्हा काखेत शिवण सैल ठेवायला सांगा. काखेतल्या गाठी काढल्या असतील त्या हाताला सूज येत असेल तर लगेच दाखवा, सुरुवातीला ती आटोक्यात ठेवणं सोपं असतं.

काही महिन्यांनी स्तनात कडक गोळा लागू शकतो. आतली चरबी मरून तिची गाठ होते, रिडक्शननंतर ही ओळखीची गोष्ट आहे आणि ती कॅन्सर नसते. पण ते तुम्ही ठरवायचं नाही. सोनोग्राफी, गरज पडली तर सुई. शेक संपल्यावर सहा ते बारा महिन्यांनी पहिली मॅमोग्राफी, मग दर वर्षी, दोन्ही बाजूंची. मशीनवरच्या ताईंना आधीच सांगा की दोन्ही स्तन लहान केलेले आहेत आणि आत क्लिपा आहेत, आणि जुन्या फिल्म बरोबर न्या.